समुद्रालगत प्लॉट घेणाऱ्या बडोदेकर मराठी बंधुभगिनींना खुले पत्र

बंधुभगिनींनो,

सप्रेम नमस्कार.

गेल्या महिन्यात आपल्या शहरातल्या मराठी मंडळींच्या एका व्हॉट्सॲप गटावर एक जाहिरात आली. सिंधुदुर्ग जिल्ह्यात समुद्राला लागून बिनशेती प्लॉट, चहूबाजूंनी चिऱ्याची भिंत, चोवीस तास पहारा, आणि सगळ्यांत वर ठळक अक्षरांत ‘सी-टच, खासगी किनारा’. सोबतच्या छायाचित्रात एक नवे लोखंडी फाटक होते, त्यामागे माडांची रांग आणि माडांच्या बुंध्यांमधून दिसणारे पाणी. अर्ध्या तासात आठ-दहा जणांनी दर विचारला. त्यांत दांडिया बाजारातले माझे दोन शेजारी होते, माझ्या मुलाचा एक वर्गमित्र होता, आणि निवृत्तीनंतर कोकणात छोटेसे घर बांधायचे आहे असे गेली दहा वर्षे मला सांगत आलेले एक स्नेहीही होते. काहींनी आगाऊ रक्कम भरली असल्याचे नंतर कळले.

ते फाटक मी ओळखतो. ते ज्या जागी उभे आहे तिथून आमच्या वाडीची समुद्रावर जाणारी वाट होती. गावाचे आणि जमीन विकसित करणाऱ्याचे नाव मी इथे मुद्दाम लिहीत नाही, कारण मला कोणा एकाशी भांडण मांडायचे नाही. आणि असे फाटक आता कोकणच्या किनाऱ्यावर एकच राहिलेले नाही. मला आपल्याशी, म्हणजे पैसे देणाऱ्यांशी बोलायचे आहे. आपण समुद्राजवळ घर बांधू नये असे माझे म्हणणे अजिबात नाही. ज्याला परवडते आणि ज्याला ओढ आहे त्याने कायद्यात बसेल तिथे जरूर बांधावे. माझे म्हणणे इतकेच आहे की आपण घेतलेल्या जमिनीतून गावाची वाट जात असेल, तर ती वाट आपण विकत घेतलेली नाही, विकणाऱ्याला ती विकण्याचा अधिकार नव्हता, आणि आपल्या नावावर प्लॉट चढल्यावर ती मोकळी ठेवणे ही आपली जबाबदारी आहे.

ही वाट कशी होती ते आधी सांगतो. रवळनाथाच्या देवळामागून ती निघत असे. दोन्ही बाजूंना चिऱ्याचे जुने गडगे होते, त्यांवर शेवाळ आणि पावसाळ्यात नेचे. मध्ये दोन माणसे शेजारून चालतील एवढी जागा. पुढे सुरूबन लागे, तिथे पायाखालची माती संपून वाळू सुरू होई, आणि केवड्याच्या बेटाला वळसा घातला की समोर पुळण, म्हणजे समुद्राकाठची वाळू. लहानपणी मे महिन्यात बडोद्याहून गावी गेलो की मी चप्पल देवळाच्या पायरीवर काढून ठेवत असे, कारण परत येताना भरलेली वाळू चपलेतून निघता निघत नसे. या वाटेने रापणकर दोर आणि जाळे खांद्यावरून नेत. रापण म्हणजे काय हे बडोद्यात वाढलेल्या मुलांना ठाऊक नसेल म्हणून सांगतो: होडीने जाळे समुद्रात अर्धवर्तुळाकार सोडतात आणि त्याची दोन्ही टोके किनाऱ्यावर उभी असलेली तीस-चाळीस माणसे तासन्‌तास ओढतात. हे काम किनाऱ्यावर उभे राहूनच करावे लागते. ज्याला पुळणीवर पाय ठेवता येत नाही त्याची रापण बंद होते. याच वाटेने बायका ओहोटीला कालवे, म्हणजे खडकाला चिकटलेले शिंपले, काढायला जात, गणपती विसर्जनाला निघत, नारळी पौर्णिमेचा नारळ जाई, आणि मेलेल्या माणसाच्या दहाव्याला भाऊबंद जात.

तीन वर्षांपूर्वी दिवाळीच्या आधी तिथे भिंत उठली. गावकऱ्यांनी विचारले तेव्हा फाटक गावासाठी कायम उघडे राहील असे त्यांना तोंडी सांगण्यात आले. भिंतीच्या कामावर गावातलेच गवंडी होते, पहाऱ्याला गावातलाच मुलगा लागला, त्यामुळे कोणी फार ताणले नाही. आम्ही बडोदेकर मे महिन्यात पोहोचलो, तोवर फाटकाला कुलूप लागलेले होते. माझी काकू त्याच महिन्यात गेली. तिच्या दहाव्याला आम्ही अकरा माणसे सकाळी साडेसहाला त्या फाटकापाशी उभे राहिलो. पहाऱ्यावरच्या मुलाने वही पुढे केली. तिच्यात नाव, गाव, गाडीचा क्रमांक आणि ‘कोणाकडे जायचे आहे’ असे चार रकाने आखलेले होते, आणि सुतळीने बांधलेले एक बॉलपेन होते. माझ्या चुलतभावाच्या हातात पिंडाचे तबक होते, म्हणून नावे मी लिहिली. शेवटचा रकाना मी कोरा सोडला. मुलगा आमच्याच वाडीतला. त्याने वही आपल्याकडे ओढली, त्या रकान्यात ‘गाववाले’ असे लिहिले आणि मान वर न करता कुलूप काढले. परतताना एका म्हाताऱ्या रापणकराने मला एवढेच विचारले, “काकानू, समुद्र तेंचो झालो काय?”

आता मला जे लिहायचे आहे ते सोपे नाही, पण ते वगळून हे पत्र लिहिण्याचा मला अधिकार राहणार नाही. त्या जमिनीचा एक तुकडा आमच्या सामाईक सातबाऱ्यावर होता. तेवीस नावे होती. काही मुंबईत, काही पुण्यात, आम्ही चौघे बडोद्यात. चुलतभावाने कुलमुखत्यारपत्राचा कागद पाठवला, रक्कम ठीक वाटली, आणि मी रावपुऱ्यातल्या एका नोटरीसमोर सही केली. मी चाळीस वर्षे आरेखक म्हणून नोकरी केली आहे. लोकांच्या जमिनींचे नकाशे काढले, हद्दी जुळवल्या, वाटा दाखवल्या. तरीही स्वतःच्या जमिनीवर सही करताना गावनकाशाची प्रत मागवावी आणि त्यातली तुटक रेषा कुठून जाते ते पाहावे, हे मला सुचले नाही. आपण विकतो आहोत ती जागा रिकामी आहे असे मी गृहीत धरले, कारण मी तिथे राहत नव्हतो. आपल्यातले बरेचसे विकणारे आणि बरेचसे घेणारे असेच दुरून सही करणारे आहेत, आणि वाट नेमकी त्या दोन सह्यांच्या मध्ये नाहीशी होते.

ती तुटक रेषा मी नंतर पाहिली. भूमी अभिलेख कार्यालयातून गावनकाशाची प्रमाणित प्रत काढली. आपल्याकडच्या जुन्या गावनकाशांत पायमार्ग एका तुटक रेषेने दाखवतात आणि गाडीमार्ग दोन तुटक रेषांनी. देवळापासून भरतीच्या रेषेपर्यंत एकेरी तुटक रेषा स्पष्ट आहे. जाहिरातीबरोबरच्या रंगीत आराखड्यात मात्र ती नाही. तिच्या जागी दोन प्लॉट आणि त्यांच्या कडेला ‘क्लब हाऊस’ असे लिहिलेले आहे.

कायदा काय म्हणतो ते थोडक्यात मांडतो, कारण जाहिरातीतल्या ‘खासगी किनारा’ या दोन शब्दांना कायद्यात कुठेच जागा नाही. महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, 1966 च्या कलम 20 प्रमाणे सार्वजनिक रस्ते, गल्ल्या, वाटा, तसेच भरतीच्या रेषेखालचा समुद्राचा आणि खाड्यांचा तळ ही, दुसऱ्या कोणाची मालकी सिद्ध होत नसेल तर, राज्य शासनाची मालमत्ता आहे. म्हणजे ज्या वाळूला भरतीचे पाणी शिवते ती वाळू विकायला कोणाची नसतेच. ‘सी-टच’ हा शब्द वापरणारा एकतर हे जाणत नाही किंवा जाणून आपल्याला सांगत नाही. समुद्रकिनाऱ्यापासून 500 मीटरांपर्यंतचा पट्टा बांधकामापासून जपावा असे पत्र इंदिरा गांधींनी 1981 मध्ये किनारी राज्यांच्या मुख्यमंत्र्यांना लिहिले होते. त्यातून पुढे 19 फेब्रुवारी 1991 ची किनारा नियमन क्षेत्राची, म्हणजे आपण ज्याला सीआरझेड म्हणतो ती अधिसूचना आली. मग 2011 ची आणि 2019 ची. 1991 च्याच अधिसूचनेत किनाऱ्यावरच्या हॉटेलांसाठी अट होती की लोकांना किनाऱ्यावर जाता यावे म्हणून दोन हॉटेलांच्या किंवा रिसॉर्टांच्या मध्ये किमान 20 मीटर रुंद मोकळी जागा सोडावी. 2011 च्या अधिसूचनेतही ती कायम राहिली, आणि खासगी मालमत्तेभोवती झाडोऱ्याचे किंवा काटेरी तारेचे कुंपण घालायचे असेल तर त्याने किनाऱ्याकडे जाणाऱ्या लोकांना कोणत्याही प्रकारे अडथळा होता कामा नये, असेही तिच्यात म्हटले आहे. आमच्याकडे उठलेली भिंत आठ फूट उंच चिऱ्याची आहे. 20 मीटरांची अट हॉटेलांपुरती आणि रिसॉर्टांपुरती लिहिलेली असल्याने एकेक प्लॉट पाडून विकणारे आपण तिच्यात येत नाही असे सांगतात. पण नियम लिहिणाऱ्यांनी 20 मीटर सोडायला का सांगितले, याचे कारण प्लॉटलाही तितकेच लागू आहे, असे माझे ठाम मत आहे.

आणखी एक गोष्ट विक्री करणारे हमखास सांगतात, की आता पूर्वीसारखे भरतीच्या रेषेपासून 200 मीटर सोडावे लागत नाहीत, 50 मीटर पुरतात. 2019 च्या अधिसूचनेने ना-विकास पट्टा 50 मीटरांवर आणला हे खरे, पण तो 2011 च्या जनगणनेप्रमाणे दर चौरस किलोमीटरला 2161 हून अधिक वस्ती असलेल्या ग्रामीण भागांसाठी. त्या जनगणनेत सिंधुदुर्ग जिल्ह्याची सरासरी 163 होती. तेव्हा ज्या खेड्यात आपण प्लॉट पाहता आहात तिथे भरतीच्या रेषेपासून 200 मीटरच लागू असण्याचा संभव फार मोठा आहे, आणि छायाचित्रात समुद्राला चिकटून दाखवलेला बंगला तिथे बांधताच येणार नाही.

न्यायालयांनी यावर काय म्हटले आहे? गोव्यात दोना पावलाजवळच्या वायंगिणी किनाऱ्यावर जाणाऱ्या वाटेचा वाद एका मोठ्या हॉटेलाशी कित्येक वर्षे चालला. जमीन देताना 1983 मध्ये झालेल्या करारात लोकांसाठी वाट खुली ठेवण्याची अट होती. सर्वोच्च न्यायालयाने 2009 मध्ये ती अट हॉटेल कंपनीवर बंधनकारक आहे असे ठरवले आणि सार्वजनिक विश्वस्त तत्त्वाचा आधार घेतला: हवा, वाहते पाणी, समुद्र आणि त्याचा किनारा ही सर्वांची ठेव आहे, शासन तिचे मालक नसून विश्वस्त आहे. मला या निकालातली जी बाजू महत्त्वाची वाटते ती अशी, की वाटेचा हक्क कागदावर लिहिलेला होता म्हणून तो टिकला. आमच्या गावाला तोंडी शब्द मिळाला होता.

तोंडी शब्दावर विसंबल्याचा तोटा आणखी एका ठिकाणी झाला. अडवलेली वहिवाटीची वाट मोकळी करून घेण्यासाठी 1906 च्या मामलेदार न्यायालय अधिनियमाखाली तहसीलदारांकडे दावा करता येतो. कोकणात शेतावर जाणाऱ्या वाटांचे कितीतरी तंटे असे मिटले आहेत. पण तो दावा अडथळा निर्माण झाल्यापासून सहा महिन्यांच्या आत करावा लागतो. दिवाळीच्या आधी भिंत उठली, आणि मे महिन्यात आम्ही पोहोचलो तेव्हा ते सहा महिने उलटून गेले होते. आता दिवाणी न्यायालयात जाणे एवढाच मार्ग उरतो, आणि त्याला किती वर्षे लागतात हे मी आपल्याला सांगायला नको.

काही स्नेह्यांनी मला विचारले की एवढी कसली वाट, दीड किलोमीटर उत्तरेला स्मशानाजवळून दुसरी वाट आहेच, तिथून जावे. धडधाकट माणसाला फिरायला जायचे असेल तर हा सल्ला चालेल. पण वाट ही किनाऱ्यावर जाण्याइतकीच, किंबहुना त्याहून अधिक, किनाऱ्यावरून परत येण्यासाठी असते. मे 2021 मध्ये तौक्ते चक्रीवादळ किनाऱ्याजवळून वर गुजरातकडे सरकले तेव्हा आमच्या वाडीतल्या लोकांनी रात्री होड्या याच वाटेने ओढून देवळाच्या आवारापर्यंत आणल्या. लाकडी ओंडके खाली घालायचे, मागून ढकलायचे, पुढून दोर ओढायचे, आणि पहिली होडी आत गेली की दुसरीसाठी परत वाळूत उतरायचे. गडग्यांमधली ती अरुंद जागा त्या रात्री पुरली. आता पुढचे वादळ येईल तेव्हा होड्या कुठून वर आणायच्या? दीड किलोमीटर वाळूतून होडी ओढत नेता येत नाही. कुलपाची किल्ली त्या वेळी कोणाकडे असेल, आणि तो माणूस गावात असेल का, हे विचारण्याची पाळी लोकांवर येऊ नये, एवढ्यासाठी तरी ती वाट मोकळी हवी. आणि ज्यांनी प्लॉट घेतले आहेत त्यांनाही सांगतो: उधाणाच्या लाटा कठीण भिंतीवर आपटून परततात तेव्हा पायथ्याची वाळू ओढून नेतात. सुरू, केवडा आणि वाळूचे उंचवटे लाटेचा जोर जिरवतात, भिंत तो परतवते. दोन पावसाळ्यांत आमच्याकडच्या भिंतीच्या पायाखाली हात घालता येईल एवढी पोकळी झालेली मी पाहिली आहे.

हे पत्र मी बडोदेकरांना लिहितो आहे याला केवळ जाहिरात इथे आली एवढेच कारण नाही. बडोद्याला समुद्र नाही असे आपण म्हणतो, पण बडोदे संस्थानाला होता. ओखामंडल, कोडिनार, नवसारी प्रांतातली बिलिमोरा ही किनाऱ्यावरची मुलखे गायकवाडांची होती, आणि ओख्याचे बंदर सयाजीराव महाराजांच्या काळात बांधले जाऊन 1926 मध्ये सुरू झाले. माझे आजोबा संस्थानच्या बांधकाम खात्यात ओव्हरसियर होते आणि काही वर्षे ओख्याला होते. ते सांगत की गोदीच्या आवारात शिरायला चिठ्ठी लागे, पण आवाराबाहेरच्या किनाऱ्यावर कोणी कोणाला अडवत नसे, आणि संध्याकाळी खारव्यांची मुले व साहेबांची मुले एकाच वाळूत खेळत. आपल्यातल्या किती घरांत द्वारकेच्या किंवा कोडिनारच्या नेमणुकीच्या आठवणी असतील!

1930 च्या मे महिन्यात गांधीजींना अटक झाल्यावर धारासण्याच्या मिठागरावरच्या सत्याग्रहाचे नेतृत्व ज्यांच्याकडे आले ते अब्बास तय्यबजी आपल्या बडोद्याचे होते, संस्थानचे निवृत्त मुख्य न्यायाधीश, वय 76. त्यांनाही लगेच अटक झाली. त्याच महिन्यात वेंगुर्ल्याजवळ शिरोड्याच्या मिठागरावर मराठी माणसांनी सत्याग्रह केला. मिठावरचा कर हे त्या लढ्याचे निमित्त होते, पण समुद्र जे किनाऱ्यावर आणून टाकतो ते उचलायला माणसाने कोणाची परवानगी का घ्यावी, हा प्रश्न त्याच्या मुळाशी होता. ज्या शहरातला शहात्तर वर्षांचा न्यायाधीश त्या प्रश्नासाठी तुरुंगात गेला, त्या शहरातल्या पैशाने शिरोड्याच्याच जिल्ह्यात किनाऱ्यावर कुलूप लागावे, हे मला सहन होत नाही.

कायदा आणि इतिहास बाजूला ठेवला तरी आपल्या रोजच्या अनुभवातली एक गोष्ट पुरेशी आहे. कमाटीबाग महाराजांनी 1879 मध्ये लोकांसाठी खुली केली. समजा, उद्या तिच्या फाटकासमोरची जागा कोणी रीतसर विकत घेतली, खरेदीखत केले, कर भरला, आणि मग म्हणाला की बाग तुमची आहे हे मला मान्य आहे, पण फाटकापर्यंत येणारा रस्ता माझ्या जागेतून जातो, तेव्हा तुम्ही वहीत नाव लिहा. आपण एक दिवस तरी ऐकून घेऊ का? सकाळी तिथे फिरायला जाणारे आपण सगळे त्याच संध्याकाळी रस्त्यावर उतरू. कोकणातल्या त्या वाडीतले लोक उतरले नाहीत, कारण त्यांची संख्या थोडी आहे, निम्मी मुले मुंबईला आणि गोव्याला कामाला आहेत, आणि भिंत घालणाऱ्याकडेच त्यांना रोजगार मिळतो आहे. त्यांच्या गप्प बसण्याला संमती समजू नये.

ज्यांनी अजून व्यवहार केलेला नाही त्यांना माझी विनंती आहे की गावनकाशाची प्रमाणित प्रत स्वतः मागवा; विकणाऱ्याने दिलेल्या झेरॉक्सवर विसंबू नका. सीआरझेडचा मंजूर नकाशा गावपातळीवरच्या मोठ्या प्रमाणाचा पाहा आणि आपला गट भरतीच्या रेषेपासून किती मीटरांवर आहे ते त्यावर मोजून घ्या. बिनशेतीचा आदेश आणि त्याबरोबरचा मंजूर आराखडा मागा, आणि तुटक रेषा त्या आराखड्यात कुठे गेली हे विचारा. मग एक दिवस गावातल्या म्हाताऱ्या माणसाबरोबर हद्दीवरून चाला. तो जिथे थांबून बोट दाखवील ती माहिती कोणत्याही कागदात सापडणार नाही. केवळ ग्रामपंचायतीचा दाखला दाखवला जात असेल तर केरळातल्या मरडूची आठवण ठेवा. तिथल्या चार संकुलांतल्या उंच इमारतींना स्थानिक पंचायतीने परवानगी दिलेली होती, किनारा नियमनाच्या प्राधिकरणाची नव्हती. सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशाने जानेवारी 2020 मध्ये दोन दिवसांत त्या सुरुंगाने पाडल्या गेल्या. साडेतीनशेच्या आसपास कुटुंबांची घरे होती ती, त्यांतल्या बहुतेकांनी प्रामाणिकपणे पैसे भरलेले. अंतरिम भरपाई म्हणून न्यायालयाने प्रत्येक घरमालकाला 25 लाख रुपये ठरवले. घर गेल्यावर ती रक्कम कितीशी पुरते ते आपणच ठरवा.

ज्यांनी आमच्या गावात प्लॉट घेतले आहेत, किंवा आगाऊ रक्कम भरली आहे, त्यांच्याकडे मात्र माझे मागणे वेगळे आहे. गावनकाशातली वाट आपल्या आराखड्याच्या दक्षिण कडेने जाते. आठ फूट रुंदीची पट्टी पुरते. तेवढ्याने एकाही प्लॉटचे घर हलत नाही, हे मी स्वतः मोजून पाहिले आहे; फक्त क्लब हाऊसची एक भिंत आत घ्यावी लागते आणि ते अजून बांधलेले नाही. ती पट्टी गावासाठी कायम खुली आहे, तिच्यावर फाटक किंवा कुलूप असणार नाही, असे प्लॉटधारकांनी लेखी द्यावे आणि ते दुरुस्त आराखड्यात नोंदवून घ्यावे, एवढेच. भिंत घालणारा विकून मोकळा होईल. मालक आपण असणार आहात, त्यामुळे आपल्या सहीला वजन आहे. उद्या आपली मुले तिथे सुट्टीला जातील तेव्हा गावातल्या मुलांबरोबर वाळूत खेळतील की भिंतीआडून एकमेकांना पाहतील, हेही त्याच सहीवर ठरणार आहे.

1 मे च्या ग्रामसभेत वाट मोकळी करण्याचा ठराव मांडायचे गावकऱ्यांनी ठरवले आहे. एप्रिलच्या शेवटच्या आठवड्यात मी गावी जातो आहे. संमतिपत्राचा मसुदा मी तयार केला आहे, दीड पानाचा आहे. गावनकाशा आणि आराखडा एकावर एक ठेवून काढलेला नकाशाही सोबत जोडला आहे. चार प्लॉटधारकांनी मसुदा वाचायला नेला होता, त्यांतल्या एकाने परवा सही करून परत दिला. माझ्या वाट्याला आलेल्या रकमेतून आराखडा दुरुस्त करण्याचा आणि मोजणीचा खर्च मी भरणार आहे, तेव्हा त्याची काळजी कोणी करू नये. नकाशा पाहायचा असेल, शंका असतील, माझे चुकते आहे असे वाटत असेल, तर 20 एप्रिलपर्यंत मी रोज संध्याकाळी सहानंतर घरीच आहे. कागद टेबलावर पसरूनच ठेवले आहेत.

आपला,
दांडिया बाजारातला एक निवृत्त आरेखक
बडोदे